पहिलं पाऊल कुणाचं?

१५ जानेवारी २०२५चा दिवस. लष्कर दिनाचं संचलन त्या वर्षी पहिल्यांदाच पुण्यात झालं, त्यामुळे आमच्या घरातही सकाळपासून टीव्ही सुरू होता. एकीकडे कुकर, एकीकडे डबे, आणि मधूनच मान वळवून मी बघत होते. जवानांच्या तुकड्या गेल्या, मुलींच्या तुकड्या गेल्या. मुलींना तर आमच्या सासूबाईंनी टाळ्या वाजवून दाद दिली. आणि मग टकटक करत चार पायांची काही यंत्रं आली. डोकं नाही, शेपूट नाही, पण चाल अगदी जिवंत जनावराची. सासूबाई खुर्चीत पुढे सरसावून म्हणाल्या, "अगं, ही बिनमुंडक्याची शेरडं कुठून आणली?"

नातवाने लगेच आजीला दुरुस्त केलं. ती शेरडं नव्हती, 'रोबोटिक म्यूल' होती. यांत्रिक खेचरं. लष्कराने अशी शंभर घेतली आहेत, ती जिने चढतात, चढावर चालतात, पाठीवरून दहा-पंधरा किलोचं ओझं नेतात. आम्ही सगळे हसलो आणि विषय तिथेच संपला असता.

पण दुपारी माझ्या एका मैत्रिणीचा फोन आला. शाळेतली मैत्रीण. तिचा नवरा पोलिसात आहे आणि मध्ये काही वर्षं तो गडचिरोलीला होता. ही दोन मुलांना घेऊन इकडे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "सकाळी ती मशिनं बघितलीस का गं? ती पुढे चालतात का?"

"पुढे म्हणजे?"

"म्हणजे वाटेवरून जाताना सगळ्यात पुढे कोण? मशीन की माणूस?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. मग तिनेच सांगितलं. गडचिरोलीहून त्याचा फोन यायचा, रेंज मिळेल तेव्हा. "आज रोड ओपनिंगला होतो," एवढंच तो सांगायचा. "पुढे कोण होतं हे मी कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. पण फोन ठेवला की तेवढाच प्रश्न डोक्यात राहायचा."

हे 'रोड ओपनिंग' म्हणजे काय, हे आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक नसतं. नक्षलग्रस्त भागात एखाद्या रस्त्यावरून गाडी जायची असेल, पुढारी जायचा असेल, मतदानाची यंत्रं जायची असतील, तर आधी काही पोलीस तो रस्ता पायी चालून जातात. हातात मेटल डिटेक्टर, सोबत कुत्रा असला तर कुत्रा. मोरीखाली वाकून बघायचं. रस्त्याच्या कडेला माती ताजी उकरलेली दिसते का, झाडीतून एखादी तार येते का, ते पाहायचं. थोडक्यात, रस्त्यात मृत्यू पुरलेला आहे का हे आपल्या पायांनी तपासायचं. सापडला तर बरं, नाही सापडला तर तो आपल्याला सापडतो!

आपण युद्ध म्हटलं की सीमा, रणगाडे, विमानं डोळ्यापुढे आणतो. पण बंडखोरांशी चालणारी लढाई तशी नसते. तिथे सीमा नसते, शत्रूचा गणवेश नसतो. समोरासमोर आपण टिकणार नाही हे बंडखोरांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते जमिनीत सुरुंग पुरून निघून जातात. स्फोटकं खाणींतून पळवलेली, डबा घरचा, तार बाजारातली. खर्च किती? आपल्या महिन्याच्या किराण्याएवढासुद्धा नसेल. त्याच्यापुढे सरकारने चिलखती गाड्या आणल्या. तर २००५मध्ये छत्तीसगडच्या बिजापूर भागात माओवाद्यांनी अशी सुरुंगरोधक गाडीच उडवली. वीसहून जास्त जवान गेले. लोखंड जाड केलं की समोरचा स्फोटकं वाढवतो, असं हे गणित. म्हणून मग हुकूम निघाले, गाडीने जाऊ नका, चालत जा. जवान चालायला लागले, तर पायवाटांवर पायाच्या दाबाने फुटणारे सुरुंग आले. शेवटी सगळं येऊन थांबतं ते एका माणसाच्या पहिल्या पावलावर.

इथेच त्या बिनमुंडक्या खेचरांचा आणि त्यांच्या भावंडांचा प्रश्न येतो. त्यांना कागदोपत्री 'मानवरहित भू-वाहन' असं भारदस्त नाव आहे. अर्थ साधा. जमिनीवर चालणारं, आत माणूस नसलेलं आणि लांबून चालवता येणारं यंत्र. आकाशातल्या ड्रोनचं कौतुक सगळे करतात. लग्नाच्या व्हिडीओ शूटिंगलासुद्धा ड्रोन आला! जमिनीवर रांगणाऱ्या या यंत्राकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. पण सुरुंग आकाशात नसतो, जमिनीत असतो.

या यंत्राचा जन्मही अगदी घरगुती म्हणावा असाच. उत्तर आयर्लंडमध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मी गाड्यांमध्ये बाँब ठेवून त्या भर बाजारात उभ्या करायची. ब्रिटिश लष्कराचे बाँब निकामी करणारे लोक एकटे चालत त्या गाडीपर्यंत जायचे. त्या एकट्याने चालत जाण्याला त्यांच्यात 'लाँगेस्ट वॉक' म्हणायचे. जगातली सगळ्यात लांब वाट. त्या वर्षांत असे वीसहून अधिक लोक परत आले नाहीत. १९७२ साली पीटर मिलर नावाच्या लेफ्टनंट कर्नलना कल्पना सुचली. बागकामासाठी विजेवर चालणारी ढकलगाडी मिळते, तिचाच सांगाडा घ्यायचा, त्याला हूक आणि दोर लावायचा आणि लांबून चालवून ती संशयित गाडी ओढून काढायची. त्या यंत्राचं नावच पडलं 'व्हीलबॅरो'. पुढे त्याला कॅमेरा आला, बाँबच्या तारा विस्कटून टाकणारा पाण्याचा जोरदार फवारा आला. गेल्या पन्नास वर्षांत आलेली बाँबची यंत्रं म्हणजे या बागेतल्या गाडीचीच मुलं-नातवंडं.

दुसरी गोष्ट तर आपल्या आणखी जवळची. घरात गोल गोल फिरून केर काढणारा तो चपटा रोबो आता आपल्याकडेही दिसायला लागलाय. 'रूम्बा' नावाने तो २००२मध्ये पहिल्यांदा बाजारात आला. तो काढणाऱ्या आयरोबोट कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक बाई होती, हेलन ग्रायनर. सोफ्याखालचा केर काढणारं यंत्र बनवणाऱ्या याच कंपनीने 'पॅकबॉट' नावाचं छोटं, पट्ट्यांवर चालणारं यंत्रही बनवलं. २००२मध्येच ते अफगाणिस्तानात गुहा तपासायला गेलं. पुढे इराकमध्ये रस्त्याकडेच्या बाँबनी अमेरिकी सैनिक मरायला लागले, तेव्हा पॅकबॉट आणि त्याच्यासारखी यंत्रं हजारांच्या संख्येने तिथे पोचली. कंपनीने आपला लष्करी विभाग २०१६मध्ये विकून टाकला, पण मला हे नातं विसरता येत नाही. घरातला केर आणि रस्त्यातला बाँब, दोन्ही कामं मूळची एकच. वाकून, हात घालून, जी घाण दुसऱ्या कुणाला नको असते ती काढायची.

या यंत्रांवर काम करणाऱ्या सैनिकांचा अभ्यास अमेरिकेतल्या ज्युली कार्पेंटर या संशोधिकेने केला. २०१३च्या सुमाराला तो प्रसिद्ध झाला. बाँब निकामी करणाऱ्या तेवीस जणांशी ती बोलली. ती लिहिते, की हे लोक यंत्राला नावं ठेवायचे. नटनट्यांची, नाहीतर बायकोची किंवा मैत्रिणीची. सोडून गेलेल्या मैत्रिणीचं मात्र कधीच नाही! यंत्र उडालं की त्यांना वाईट वाटायचं, राग यायचा. हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग गलबलून आलं. जो आपल्याऐवजी मरतो, त्याला नाव तर द्यायलाच हवं ना?

आता आपल्या अंगणात येऊ. पुण्याच्या दिघीत डीआरडीओची एक संशोधन संस्था आहे. तिथे 'दक्ष' नावाचं यंत्र तयार झालं. ते जिने चढतं, त्याला लांब हात आहे, संशयित पेटीचा एक्स-रे काढतं, पाण्याचा फवारा मारून बाँब निकामी करतं आणि साधारण अर्धा किलोमीटर लांबून चालवता येतं. डिसेंबर २०११मध्ये पहिले पाच दक्ष लष्कराला दिले गेले. आपल्या मराठी मुलखात, आपल्या इंजिनिअर मुलामुलींच्या हातून हे झालं, याचा अभिमान वाटायलाच हवा.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, २७ मार्च २०१२ला, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात पुस्टोलाजवळ सीआरपीएफची बस सुरुंगाने उडवली गेली. बारा जवान गेले. आणि १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. आदल्या रात्री नक्षलवाद्यांनी कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली. तिकडे निघालेल्या शीघ्र कृती दलाच्या जवानांची गाडी जांभुळखेड्याजवळ सुरुंगात सापडली. पंधरा पोलीस आणि गाडीचा चालक, असे सोळा जण गेले. सकाळी झेंडावंदन करून आपण श्रीखंड-पुरीच्या तयारीला लागलो होतो, तो हा दिवस.

यंत्र असतं तर ते वाचले असते का? मैत्रिणीनेही मला हेच विचारलं. मी प्रामाणिकपणे उत्तर शोधायचा प्रयत्न केला आणि मला वाटतं, नुसतं यंत्र कुठेतरी असून ते वाचले नसते. कारण ते घाईने निघाले होते. जाळपोळ हे आमिष होतं. पोलीस धावत येणार हे ठरवूनच सुरुंग पेरलेला. यंत्र चालतं माणसाच्या पायी चालीने, कधी त्याहून हळू. ते आधी पुढे पाठवायचं तर मागच्यांना थांबावं लागतं. 'थांबा, आधी यंत्र जाऊ दे' असं म्हणायची मुभा हुकूम देणाऱ्याला पाहिजे आणि तसं म्हणणाऱ्याला कुणी भित्रा ठरवता कामा नये. आपण स्वयंपाकघरात प्रेशर कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह लावतो, पण वाफ जाऊ न देता झाकण ओढलं तर तो व्हॉल्व्ह काय करणार? यंत्राबरोबर धीरही विकत घ्यावा लागतो, आणि तो कुठल्याच टेंडरमध्ये मिळत नाही.

दुसरी अडचण म्हणजे जंगल. शहरातल्या गुळगुळीत फरशीवर, रेल्वे फलाटावर किंवा विमानतळावर ही यंत्रं छान चालतात. पण गडचिरोलीतला नाला, चिखल, बांबूची बेटं, पावसाळ्यातले चार महिने? रेडिओ लहरी झाडीत अडतात. त्यात सुरुंग रिमोटने उडू नये म्हणून जवान जॅमर वापरतात आणि तोच जॅमर आपल्या यंत्राचाही आवाज बंद करू शकतो. बॅटरी काही तासांत संपते. जड यंत्र उतरवायला गाडी लागते, आणि जिथे गाडी जाते तिथेच तर धोका! चार पायांची खेचरं म्हणूनच महत्त्वाची. पाय असलेलं यंत्र दगडावरून, ओंडक्यावरून जातं. चाकाला ते जमत नाही. पण सुरुंग हुंगण्याचं काम मात्र अजूनही कुत्र्यासारखं कुणाला येत नाही. २०२५च्या एप्रिल-मेमध्ये छत्तीसगड-तेलंगण सीमेवर कर्रेगुट्टाच्या डोंगरांत मोठी मोहीम झाली. सीआरपीएफची रोलो नावाची दोन वर्षांची कुत्री तिथे स्फोटकं शोधत होती. सुरुंगाने नव्हे, मधमाश्यांच्या हल्ल्यात ती गेली. जंगल तुमच्या योजनेत नसलेलं काहीतरी नेहमीच पुढ्यात टाकतं. तेव्हा यंत्र म्हणजे जादूची कांडी, असं समजणाऱ्यांनी जरा रोलोची आठवण ठेवावी.

तिसरा आक्षेप जास्त खोल आहे, आणि तो मला पटतो. बंडखोरीविरुद्धची लढाई जमिनीसाठी नसते, लोकांच्या विश्वासासाठी असते. २००६मध्ये अमेरिकी लष्कराने या लढाईबद्दल नवी पुस्तिका काढली. तीत एक उलटा वाटणारा मुद्दा होता, की सैन्य स्वतःला जितकं तटबंदीआड जपेल, तितकं ते कदाचित जास्त असुरक्षित होईल. कारण आत बसलेल्या सैनिकाला गावात काय चाललंय ते कळत नाही. इराकमध्ये हे त्यांनी पुरेपूर भोगलं होतं. आपल्याकडे गडचिरोलीत १९९०मध्ये सी-६० पथक उभं राहिलं, ते स्थानिक तरुणांना घेऊन. त्यांना गोंडी येते, पायवाटा माहीत असतात, बाजाराचा दिवस माहीत असतो. अलीकडच्या काळात 'पोलीस दादालोरा खिडकी' सुरू झाली. दूरच्या पोलीस मदत केंद्रातच जातीचे दाखले, योजनांचे अर्ज, आधारची कामं होतात. एखादी आजी तिथे पेन्शनचा कागद घेऊन येते. पोलिसांविषयीची भीती तिथे थोडी थोडी कमी होत असते. ते काम कुठलं यंत्र करणार आहे? कॅमेऱ्याचा डोळा लावलेलं लोखंडी जनावर गावात शिरलं, तर आजी दार लावून घेईल. आणि बरोबरच करेल.

म्हणून मला वाटतं, कामाची वाटणी नीट करायला हवी. ज्या कामात माणसाकडे फक्त मरण्यासाठी बघितलं जातं, ते यंत्राला द्या. मोरीखाली वाकणं, बेवारस डब्यापाशी जाणं, पायवाटेवर पहिलं पाऊल टाकणं, पाण्याचे कॅन आणि जखमींचं ओझं वाहणं. आणि ज्या कामात माणसाने माणसाच्या डोळ्यात बघायचं असतं, ते माणसाकडेच ठेवा. यंत्र पुढे गेलं, वाट मोकळी झाली, की मागून येणाऱ्या पोलिसाच्या खांद्यावरचा ताण थोडा उतरतो. हेही कमी नाही. पुढच्या पावलाला आपण उडू, अशा भीतीत चालणारा माणूस झाडीत काही हललं की आधी गोळी झाडतो. झाडीत कधी कधी गुराखी असतो. यंत्राने जवानाचा जीव वाचतो हे तर खरंच, पण भीती कमी झाली तर त्या गुराख्याचाही वाचतो. मला तर या यंत्रांचं सगळ्यात मोठं मोल हेच वाटतं.

आणि म्हणूनच या यंत्राच्या हातात बंदूक देऊ नका, असं मी ठामपणे म्हणते. ही काल्पनिक भीती नाही. २००७मध्ये अमेरिकेने बंदूक बसवलेली तीन यंत्रं इराकमध्ये नेली होती. त्यांनी तिथे एकही गोळी झाडली नाही, कारण त्यांच्यावर पुरेसा भरवसाच ठेवता येईना. पण जुलै २०१६मध्ये डॅलस शहरात पोलिसांनी बाँब निकामी करणाऱ्या यंत्राच्या हातात स्फोटकं देऊन एका हल्लेखोराला उडवलं. त्याने पाच पोलीस मारले होते, तेव्हा त्याच्याबद्दल कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. पण बघा, बाँब काढणारा हात तोच, आणि बाँब ठेवणारा हातही तोच. २०२२च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या नगर मंडळाने पोलिसांच्या यंत्रांना अगदी अपवादाच्या प्रसंगी जीव घ्यायची परवानगी दिली. लोक रस्त्यावर आले, तेव्हा पुढच्याच महिन्यात ती मागे घेतली. मे २०२४मध्ये चीनने कंबोडियातल्या सरावात पाठीवर बंदूक लावलेला यांत्रिक कुत्रा जगाला दाखवला. बंडखोरीच्या भागात तर गावकरी कोण आणि बंडखोर कोण, हे समोर उभ्या राहिलेल्या माणसालासुद्धा कळत नाही. पाचशे मीटर लांब बसून छोट्या पडद्यावर बघणाऱ्याला काय कळणार? खांद्यावर काठी घेतलेला म्हातारा आणि खांद्यावर बंदूक घेतलेला तरुण, पडद्यावर दोघांची आकृती सारखीच.

आता कुणी म्हणेल, बाई, हे सगळं आता कशाला? नक्षलवाद तर संपत आला. खरं आहे. जानेवारी २०२५मध्ये तारक्का गडचिरोलीत शरण आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिचा नवरा, माओवाद्यांचा बडा नेता भूपती याने साठेक साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रं खाली ठेवली. केंद्र सरकारने मार्च २०२६ची मुदतही ठरवली होती. माणसं शरण येतात, पत्रकार परिषद होते, फोटो येतात. पण जमिनीतला सुरुंग शरण येत नाही. त्याला मुदत कळत नाही. तो पेरणारा मेला, पळाला किंवा पुढारी झाला, तरी तो तिथेच वाट बघत असतो.

आणि त्याच्यावर पाय कुणाचा पडतो? मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला कोण जातं? मे महिन्यात तेंदूपानाच्या गड्ड्या कोण बांधतं? सरपणाच्या मोळ्या कुणाच्या डोक्यावर असतात? मे २०२४मध्ये बिजापूर जिल्ह्यात तेंदूपानं गोळा करायला गेलेली एक तरुण बाई अशाच स्फोटात गेली. त्याच महिन्यात, त्याच जिल्ह्यात, दोन मुलं गेली. त्यांच्यापुढे कुठला मेटल डिटेक्टर चालत नव्हता. त्यांच्यासाठी रोड ओपनिंग कोण करणार? पेपरात जवान गेला तर पहिल्या पानावर येतं, आणि यायलाच हवं. तेंदूपानवाली मात्र आतल्या पानावर चार ओळींत संपते.

१९९७ साली प्रिन्सेस डायना अंगोलात सुरुंगांच्या पट्ट्यातून चिलखत घालून चालली, ते फोटो आपल्यापैकी अनेकींनी बघितले असतील. तिथली जमीन साफ करण्याचं काम त्यानंतर कित्येक दशकं चालू राहिलं. नव्वदच्या दशकातल्या लढाईनंतर क्रोएशियासारख्या छोट्या देशाने तर लांबून चालवायची सुरुंग काढणारी यंत्रं स्वतः बनवली आणि जगाला विकली. आपल्याला ते का जमू नये? ज्यांनी दक्ष बनवला, त्यांना जंगलाच्या पायवाटेवर चालणारं, दोन माणसांना उचलून नेता येईल असं हलकं यंत्र बनवणं अशक्य नाही. पण ते जिल्ह्याच्या ठिकाणी कुलपात ठेवून चालणार नाही. आमच्याकडे पाहुण्यांसाठी ठेवलेला काचेचा सेट कधी बाहेर निघत नाही, तसं व्हायला नको. ते सगळ्यात लांबच्या पोलीस मदत केंद्रात हवं, दुरुस्ती येणाऱ्या माणसासकट हवं. जवानांच्या वाटा झाल्या की मोहाच्या झाडाकडे, पाणवठ्याकडे, शाळेकडे जाणाऱ्या वाटाही त्याने तपासायला हव्यात. आणि कुठली वाट आधी, हे गावातल्या बायकांना विचारून ठरवायला हवं. कुठल्या वाटेवर रोजचा पाय पडतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे?

पैशाचं म्हणाल, तर यंत्र महाग असतं हे मान्य. पण सोळा घरांत काय गेलं, याची किंमत कुणी काढलीये? यंत्र उडालं तर दुसरं मागवता येतं. कारखान्यात पत्र गेलं की झालं. त्याच्यामागे कुणी फोनची वाट बघत नसतं.

हे सगळं मी मैत्रिणीला सांगितलं. माहिती गोळा करायला मला बरेच दिवस लागले, तोवर ती विसरली असेल असं वाटलं होतं. ती विसरली नव्हती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे अजून माणूसच पुढे असतो."

"बहुतेक ठिकाणी, हो."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याची बदली झाली तेव्हा मी देवाला नारळ फोडला. नंतर वाटलं, त्याच्या जागी आता दुसरं कुणीतरी पुढे चालत असेल. तिच्या घरच्या नारळाचं काय?"

ज्या दिवशी त्या 'दुसऱ्या कुणीतरी'च्या जागी एक बिनमुंडक्याचं शेरडू टकटक करत पुढे चालेल, त्या दिवशी मी आमच्या सासूबाईंना घेऊन मुद्दाम बघायला जाणार आहे. टाळ्या त्या वाजवतीलच. नारळ मी फोडीन.